तूर, हरभरा, ज्वारीच्या साठवणीत सुगंधी तेले: काय साधते, काय साधत नाही

प्रश्न : आम्ही रेणापूर तालुक्यातील (जि. लातूर) महिला बचत गटाच्या सदस्या आहोत. गटाने यंदाची तूर, हरभरा आणि मालदांडी ज्वारी पत्र्याच्या पिंपांत भरून ठेवली आहे. त्यातील काही खाण्यासाठी आहे आणि काही पुढच्या पेरणीसाठी. गेल्या पावसाळ्यात तुरीला भुंगा लागला आणि निम्मे बियाणे वाया गेले. दुकानदार विषारी गोळ्या ठेवा म्हणतात, पण घरात लहान मुले असल्याने ते धाडस होत नाही. निलगिरीचे किंवा गवती चहाचे तेल कापसावर घेऊन ठेवले तर किडे मरतात असे ऐकले. ते खरे आहे का, किती तेल घ्यावे, कडुलिंबाचे तेल चालेल का, आणि तुरीच्या एका पिंपात आताच भुंगे फिरताना दिसतात, त्याचे काय करावे?

उत्तर : ताई, सुगंधी तेलांनी धान्यातील किडे मरतात, हे खरे आहे आणि त्यावर जगभर बरेच संशोधनही झालेले आहे. परंतु हे तेल कोणत्या किडीवर, तिच्या कोणत्या अवस्थेवर आणि कसल्या भांड्यात काम करते हे समजून न घेता कापसाचा बोळा पोत्यात टाकला, तर तेलाचे पैसेही जातात आणि तूरही जाते. माझे मत आधीच सांगून ठेवतो. सुगंधी तेल हा स्वच्छ, वाळलेल्या आणि घट्ट बंद केलेल्या धान्याचा चांगला राखणदार आहे. आत शिरून बसलेली कीड बाहेर काढणे त्याच्या आवाक्यातले नाही. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम त्या पिंपातली मूठभर तूर तळहातावर घेऊन उन्हात नीट पाहावी. काही दाण्यांच्या सालीवर खसखशीहून लहान ठिपके घट्ट चिकटलेले दिसतील. ही कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी होत. अंड्यातून निघणारी अळी बाहेर अजिबात फिरत नाही. ती अंड्याच्या तळातूनच साल भेदून थेट दाण्यात शिरते आणि शिरताना निघालेला भुसा मागच्या रिकाम्या कवचात लोटते. म्हणून ज्या अंड्यातून अळी आत गेली आहे ते दुधासारखे पांढरे दिसते, आणि ताजे अंडे काचेसारखे पारदर्शक असते. पुढे अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या पोटातच पार पडतात. भुंगेरा बाहेर पडण्याच्या आधी दाण्यावर एक गोल, अंधूक खिडकी उमटते. तिथे साल तेवढी शाबूत असते आणि आतला गर संपलेला असतो. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. बाहेर आलेला भुंगेरा साठवणीत काहीही खात नाही, जेमतेम दहा-बारा दिवस जगतो, आणि तेवढ्यात एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालून मोकळी होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा चार-पाच पिढ्या होतात, हे लक्षात घेतले म्हणजे मृगात दिसलेले पाच-सात भुंगे पोळ्यापर्यंत अख्खे पिंप कसे पोखरतात ते कळते.

सुगंधी तेलाची वाफ किड्याच्या श्वासरंध्रांतून शरीरात जाते. त्यामुळे दाण्यांमधून फिरणारा भुंगेरा तिला लवकर बळी पडतो, आणि सालीवर उघड्यावर असलेल्या ताज्या अंड्यांवरही तिचा परिणाम होतो. दाण्याच्या पोटातल्या अळीला आणि कोषाला मात्र सालीचे आणि गराचे कवच असते. मारण्याइतकी वाफ तिथवर सहसा पोहोचत नाही. आज तेल ठेवले, चार दिवसांनी मेलेले भुंगेरे पाहून समाधान मानले, दरम्यान झाकण उघडझाक होऊन तेल उडून गेले, की पंधरा दिवसांनी नवी पिढी बाहेर पडते. तेलाचा काही उपयोग झाला नाही असे जे सांगतात, त्यांच्याकडे बहुधा हेच घडलेले असते. शिवाय ही कीड पुष्कळदा शेतातूनच घरी येते. तुरीच्या शेंगा पक्व होताना मादी शेंगांवर अंडी घालते, आणि खळ्यावरून पिंपात येणारा दाणा वरून निर्मळ दिसत असला तरी त्यात अळी असू शकते. म्हणून पिंप धुऊन-पुसून लख्ख केले तरी तेवढ्याने भागत नाही.

ज्वारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने ते भोक बुजवते. म्हणजे इथे अंडेसुद्धा झाकलेले असते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. दाणे पोखरणारा लहान भुंगेरा अंडी दाण्यांमध्ये सुटी घालतो, पण त्याची अळी पुढे दाण्यात शिरते. पिठात आणि फुटलेल्या दाण्यांत होणारा तांबडा भुंगेरा तर सगळे आयुष्य बाहेरच काढतो, त्यामुळे तो तेलाने सहज मरायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात तोच सर्वांत चिवट ठरतो. इस्रायलमधील एली शाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मसाल्याच्या आणि औषधी वनस्पतींची २८ सुगंधी तेले साठवणीतल्या चार किडींवर तपासली. त्यात एका तेलाने सगळ्याच किडी सारख्या मरत नाहीत, हे स्पष्ट दिसले. निलगिरीत मुख्यत्वे असणारे सिनिओल हे द्रव्य दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यावर चांगले चालले, तर तांबडा भुंगेरा बहुतेक तेलांना पुरून उरला. ‘सर्व किडींवर रामबाण’ असे लिहिलेली बाटली कोणी दाखवली, तर ही गोष्ट आठवावी.

आपल्या भागात सहज मिळणाऱ्या तेलांपैकी निलगिरीच्या तेलाचा गुण सिनिओलमुळे, गवती चहाच्या तेलाचा सिट्रलमुळे, लवंगेच्या तेलाचा युजेनॉलमुळे आणि ओव्याच्या तेलाचा थायमॉलमुळे आहे. रोशा गवताच्या तेलात आणि सिट्रोनेलात जिरॅनिऑल असते. मोसंबीच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, आणि जालन्याच्या मोसंबीमुळे आपल्याकडे पुष्कळ जण वाळलेली साल धान्यात टाकतात. हे तेल ताज्या सालीच्या पिशव्यांत साठलेले असते. साल वाळताना आणि कुटताना त्यातले बरेचसे उडून जाते, आणि साल नीट वाळली नसेल तर ती धान्याला उलट ओल देते. मी त्या उपायावर विसंबत नाही. घरगुती साठवणीसाठी मला निलगिरीचे तेल पहिल्या पसंतीचे वाटते. ते औषधाच्या दुकानात मिळते, झटकन बाष्प होऊन पसरते, आणि धान्य उन्हात-वाऱ्यावर पसरले की त्याचा वास गवती चहा किंवा लवंगेच्या मानाने लवकर जातो. गवती चहाचे आणि लवंगेचे तेल जड आहे, त्यांची वाफ सावकाश होते. ती भुंगेऱ्याला दूर ठेवायला आणि अंडी घालू न द्यायला बरी, पण मोठ्या पिंपात सर्वत्र पोहोचण्यात कमी पडतात.

ही द्रव्ये किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करतात. युजेनॉलसारखी द्रव्ये ऑक्टोपामिन या संदेशवाहकाच्या कामात बिघाड करतात. कीटकांच्या शरीरात या संदेशवाहकाला मोठे महत्त्व आहे, आपल्या शरीरात तेवढे नाही, आणि ही तेले माणसाला तुलनेने कमी घातक असण्याचे ते एक कारण मानतात. इतर काही द्रव्ये मज्जापेशींमधला संदेश वेळेवर थांबवणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) अडथळा आणतात. परंतु तुलनेने कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मी प्रत्येक सभेत आवर्जून सांगतो, कारण ‘नैसर्गिक आहे’ या एका शब्दावर लोक बाटली उघडी ठेवतात. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात काही मिलिलिटर गेले तरी झटके येऊ शकतात. कापराचेही तसेच आहे. ही तेले पेट घेतात, म्हणून चुलीजवळ, देवापुढच्या दिव्याजवळ किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नयेत. बाटली कुलपात असावी, तेल लावताना हातमोजे घालावेत आणि खोलीचे दार उघडे ठेवावे.

आता कडुलिंबाच्या तेलाविषयी. कडुलिंब, करंज, एरंडी, करडई, शेंगदाणा यांची तेले बियांपासून काढलेली असतात आणि ती उडून जात नाहीत, म्हणून त्यांना स्थिर तेले म्हणतात. निलगिरी, गवती चहा, लवंग यांची तेले पानाफुलांपासून वाफेच्या साहाय्याने काढतात आणि ती उडून जातात. दोन्हींना आपण तेलच म्हणतो, पण त्यांची कामाची रीत पूर्ण वेगळी आहे. स्थिर तेलाचा पातळ लेप दाण्यावर बसला की मादीला त्यावर अंडे नीट चिकटवता येत नाही, आणि जे अंडे चिकटते त्याचा श्वास लेपाखाली कोंडतो. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत १९७० च्या दशकात चवळीवर शेंगदाणा तेलाचे असे प्रयोग झाले आणि किलोला ५ ते १० मिलिलिटर एवढ्या तेलाने चवळी कित्येक महिने सुरक्षित राहिली. आपल्या आज्या-पणज्या तुरीच्या डाळीला एरंडीच्या तेलाचा हात लावीत, तो याच तत्त्वावर.

म्हणून कडधान्यासाठी माझा पहिला सल्ला सुगंधी तेलाचा नसून स्थिर तेलाचा आहे, हे आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. बियाण्याच्या तुरीला किंवा हरभऱ्याला दर किलोस ५ मिलिलिटर कडुलिंबाचे किंवा करंजाचे तेल चोळावे. खाण्याच्या कडधान्याला कडवटपणा नको असेल तर एरंडीचे किंवा करडईचे तेल त्याच प्रमाणात वापरावे. करडईचे घाण्यावरचे तेल आपल्याकडे घरोघरी असते. दहा किलो तुरीला ५० मिलिलिटर तेल होते. ते एकदम ओतू नये. आधी दोन मुठी दाण्यांना सगळे तेल चोळून घ्यावे, मग ते दाणे उरलेल्या तुरीत मिसळून दोन्ही हातांनी खालवर करत राहावे, म्हणजे प्रत्येक दाण्याला चकाकी येते. ज्वारीसाठी हा उपाय तितका उपयोगी नाही, कारण सोंड्याचे अंडे दाण्याच्या आत असते आणि वरच्या लेपाचा त्याला जाच होत नाही. सुगंधी तेलाचा खरा उपयोग ज्वारी आणि गहू बंद पिंपात ठेवताना, तसेच कडधान्याच्या स्थिर तेलाला जोड म्हणून होतो. स्थिर तेलात थोडे सुगंधी तेल मिसळले तर ते सावकाश उडते. पश्चिम आफ्रिकेत हेच काम केओलिनसारख्या मातीत रानतुळशीचे तेल मुरवून चवळीसाठी केले गेले आहे. सूक्ष्म कवचात तेल कोंडून ते हळूहळू सोडणारी तयार उत्पादने बनवण्याचेही प्रयत्न चालू आहेत, पण आपल्या गटाने त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता प्रमाणाचा हिशेब करू, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. शोधनिबंधांत तेलाची मात्रा हवेच्या दर लिटरला अमुक मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) अशी दिलेली असते आणि प्रयोग बहुधा लहानशा, रिकाम्या काचेच्या बरणीत झालेला असतो. समजा, एखाद्या तेलाची मात्रा लिटरला ५० मायक्रोलिटर दिली आहे. आपले पिंप २०० लिटरचे असेल तर हिशेबाने १० मिलिलिटर तेल येते. परंतु पिंपात सुमारे दीडशे किलो तूर भरली की दाणे स्वतःच बरीचशी वाफ शोषून घेतात, आणि तेवढाच परिणाम साधायला रिकाम्या बरणीच्या कित्येक पट तेल लागते. शिवाय ढिगाच्या वरच्या थरातच वाफ अडकून राहते आणि तळाचे किडे मजेत जगतात. मी २०० लिटरच्या भरलेल्या पिंपाला २० ते ३० मिलिलिटर निलगिरीचे तेल सांगतो, आणि ते एका जागी न ठेवता तीन ठिकाणी विभागून ठेवायला लावतो. पाच लिटरच्या स्टीलच्या डब्याला त्याच हिशेबाने १५ ते २० थेंब पुरतात. हा कोणत्याही शिफारसपत्रातला आकडा नसून वरच्या हिशेबावरून आणि व्यवहारातल्या अनुभवावरून काढलेला आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी एकाच पिंपावर करून पाहावे आणि मगच सगळीकडे न्यावे.

ठेवण्याची पद्धत अशी. सुती कापडाच्या तीन पुरचुंड्या कराव्यात आणि प्रत्येकीत कापसाचा घट्ट बोळा घालून त्यावर तेलाचा तिसरा हिस्सा सोडावा. तेल ठिबकणार नाही इतका बोळा मोठा असावा, कारण तेल थेट दाण्यावर पडले तर खाण्याच्या धान्याला वास धरतो आणि बियाण्याचा कोंब जळतो. पिंपात मधोमध तळापासून वरपर्यंत एक पोकळ बांबू किंवा पत्र्याची नळी उभी करावी आणि तिला हातभर अंतराने भोके पाडलेली असावीत. एक पुरचुंडी दोरीने नळीत तळापर्यंत सोडावी, दुसरी मध्यावर आणि तिसरी धान्याच्या वर, झाकणाच्या खाली टांगावी. भांडे पत्र्याचे, स्टीलचे किंवा काचेचे हवे. प्लास्टिक ही तेले शोषून घेते, आणि मोसंबीच्या सालीचे तेल थर्माकोलवर पडले तर तो विरघळतो, एवढे त्याचे सामर्थ्य आहे. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावावी किंवा शेण-मातीने लिंपून घ्यावे. हे लिंपणे आपल्याला नवे नाही. बळद आणि कणग्या आपण पिढ्यान् पिढ्या तशाच बंद करत आलो आहोत, आणि पेवातली ज्वारी टिकत असे ती मुख्यतः आतली हवा कोंडून प्राणवायू संपत गेल्यामुळे. पोत्यात, तट्ट्यात किंवा उघड्या कोठीत सुगंधी तेल ठेवणे व्यर्थ आहे. तिथे ते किडीच्या नाकाला झोंबण्याआधीच खोलीभर होते.

पिंप वारंवार उघडावे लागत असेल तर त्यात तेल घालूच नये. रोजच्या वापराचे महिनाभराचे धान्य वेगळ्या डब्यात काढून मोठे पिंप बंद राहू द्यावे. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी पुरचुंड्यांवर ताजे तेल सोडावे. त्या काळात दाण्यातून बाहेर येणारी पिढी त्यामुळे अंडी घालण्याआधीच सापडते. खाण्याचे धान्य वापरायच्या आधी सुपात पाखडून दोन दिवस वाऱ्यावर सावलीत पसरावे. वास राहिला असेल तर आणखी एक दिवस थांबावे.

बियाण्याबाबत एक गंभीर गोष्ट आहे. थायमॉल, सिट्रल, युजेनॉल ही द्रव्ये किड्यांप्रमाणे बीजांकुरालाही बाधक असतात. काही सुगंधी तेलांचा तणांचे बी उगवू न देण्यासाठी अभ्यास झाला आहे, तो उगाच नव्हे. म्हणून बियाण्याच्या पिंपात ओव्याचे किंवा लवंगेचे तेल घालू नये आणि निलगिरीचे घातले तरी पेरणीआधी उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, आणि आठ दिवसांनी धडधाकट कोंब मोजावेत. प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा तुरीला ७५ टक्के, हरभऱ्याला ८५ टक्के आणि ज्वारीला ७५ टक्के आहे. आपल्या गटाने बदनापूर कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ सारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाची तूर राखली असेल, तर तिचे बियाणे पुढच्या वर्षी घरचेच वापरता येते, आणि म्हणूनच ही तपासणी अंगवळणी पाडून घेण्यासारखी आहे.

वेखंडाविषयी विचारले नाही, तरी सांगतो, कारण ते आपल्याकडे घराघरांत असते. वेखंडाच्या मुळाची पूड आणि तिचे तेल कडधान्याच्या भुंगेऱ्यावर अतिशय प्रभावी आहेत. मादीची अंडी घालण्याची क्षमताच त्याने खालावते. पण हा गुण ज्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे येतो, त्याने उंदरांच्या प्रयोगांत कर्करोग झाल्याचे आढळले आणि अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. म्हणून वेखंड फक्त पेरणीच्या बियाण्याला लावावे, त्या पिंपावर ठळक खूण करावी, आणि उरलेले बियाणे डाळीसाठी भरडायला घेऊ नये. टंचाईत हे शेवटचे पथ्य मोडले जाते, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगतो.

दुकानदार ज्या गोळ्या सुचवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि त्या विषावर उतारा नाही. आपल्या देशात त्यांची विक्री आणि वापर निर्बंधित आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, माणसे राहत नाहीत अशा गोदामातच त्या वापरायच्या असतात. ज्या खोलीत लेकरे झोपतात तिथे एकही गोळी येता कामा नये, हा आपला निर्णय पूर्ण बरोबर आहे. पाऱ्याच्या टिकड्या डब्यात टाकण्याची जुनी सवयही सोडून द्यावी. गोदामांतसुद्धा फॉस्फिनला दाद न देणारे तांबडे भुंगेरे आणि दाणे पोखरणारे भुंगेरे आता भारतात आढळतात, आणि मिथिल ब्रोमाइड हा दुसरा जुना धुरीचा वायू ओझोनच्या थराला हानी करतो म्हणून माँट्रियल करारानुसार बहुतेक वापरांतून हद्दपार झाला आहे. वनस्पतींच्या तेलांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळण्याचे हे मोठे कारण आहे.

तेल विकत घेताना भेसळीचे भान असावे. सुगंधी तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकून तो वाऱ्यावर ठेवावा. शुद्ध तेल उडून जाते आणि तेलकट डाग फारसा राहत नाही. डाग ठळक राहिला तर त्यात स्थिर तेल मिसळले आहे असे समजावे. स्वस्त द्रावकाची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, म्हणून खात्रीचे दुकान बरे. आणि आपल्या गटाने असे तेल कीटकनाशक म्हणून बाटलीत भरून विकण्याचा विचार केला, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवावे.

खाण्याच्या तुरीचे म्हणाल, तर ती अख्खी ठेवण्यापेक्षा तिची डाळ करून ठेवावी. भुंगेऱ्याची मादी गुळगुळीत, अख्ख्या दाण्यावर अंडी घालते. फुटलेल्या डाळीवर तिचे फारसे जमत नाही. फाल्गुन-चैत्रात तूर भिजवून, लाल माती लावून, उन्हात वाळवून जात्यावर भरडण्याची आपल्या घरांतली पद्धत त्यासाठी उत्तम होती. जाते उरले नसेल तर लातूर-उदगीरकडे डाळमिलला कमतरता नाही. कडुलिंबाचा पाला आणि गोवऱ्यांची राख यांचाही थोडा उपयोग होतो. राख दाण्यांमधली फट भरते, किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घासून काढते आणि त्याला सुकवते. पण त्यासाठी ती चिमूटभर पुरत नाही, भरपूर लागते. पाला टाकायचा तर सावलीत कडकडीत वाळलेला असावा.

आता त्या भुंगे लागलेल्या पिंपाचे. त्यात आज तेल ठेवू नये. चैत्र-वैशाखाचे ऊन हातात आहे, त्याचा उपयोग करावा. मोकळ्या अंगणात आधी गोणपाट किंवा कडबा अंथरावा, म्हणजे खालची जमीन उष्णता ओढून घेत नाही. त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, कागदावर बोटभर जाडीचा तुरीचा थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घालून चारही कडा दगड-मातीने दाबाव्यात. आपल्याकडच्या ४० अंशांच्या उन्हात या आवरणाखालचे तापमान ६० अंशांकडे जाते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने चवळीवर काम करून दाखवले आहे की ५७ अंशांवर तासभर राहिल्यास दाण्याच्या आतली अळी, कोष, सगळेच मरते. सकाळी दहाला अंथरून दुपारी चारला काढले तर तेवढा काळ निश्चित मिळतो. तूर आधीच नीट वाळलेली असावी. ओलसर बी तापले तर उगवण जाते. दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे. आणखी खात्री हवी असेल तर कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल जास्त आहे. कडधान्यात ८ ते ९ टक्के आणि ज्वारीत १० ते १२ टक्क्यांहून अधिक ओलावा नको. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात तो मोजून मिळू शकतो.

ऊन दिलेली तूर गरम असताना पिंपात भरू नये, नाहीतर रात्री आत बाष्प जमून बुरशी धरते. रात्रभर सावलीत, जाळी झाकून निवू द्यावी आणि सकाळी चाळून फुटके, भोके पडलेले दाणे वेगळे काढून जनावरांना घालावेत. तेवढ्यात रिकामे पिंप आतून धुऊन, फटी-सांधे घासून, दिवसभर उन्हात पालथे घालावे. त्यानंतर बियाण्याच्या वाट्याला कडुलिंबाचे आणि खाण्याच्या वाट्याला करडईचे तेल चोळून, निलगिरीच्या पुरचुंड्या टांगून झाकण लिंपावे. महिन्याने एकदाच उघडून वरचे, मधले आणि तळाचे मूठमूठ दाणे पाहावेत. ताजी, पारदर्शक अंडी दिसली तर वैशाख संपायच्या आत पुन्हा एक ऊन द्यावे; मृगाचे ढग आले की ही सोय राहणार नाही.